माघारी गेलेला वाघोबा

त्या प्रकरणाची आठवण निघाली, की आजही माझा अंगठा आपोआप बोटांवर फिरतो, शेंदूर लागलाय का ते बघायला. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. देव हरवल्याची फिर्याद मात्र एकदाच आली, आणि तीही ऐन ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत.

तेव्हा मी जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गावाचं आणि माणसांचं नाव सांगणार नाही. सगळे तिथंच नांदताहेत, आणि चांगले नांदताहेत.

त्याआधी काही वर्षं आंबेगावच्या पश्चिमेला डोंगराची दरड कोसळून एक वाडी गाडली गेली होती. वाचलेल्या कुटुंबांना सरकारनं या गावाच्या कडेला घरं बांधून दिली. सुरुवातीला गावानं त्यांना भाकरी दिली, अंथरूण-पांघरूण दिलं, हे मान्य केलं पाहिजे. पण वर्षं गेली तरी ही मंडळी गावाच्या तोंडी 'पावणं'च राहिली. पाहुण्यानं नळ मागायचा नसतो, रस्ता मागायचा नसतो. मग त्यांची नावं इथल्या मतदार यादीत आली आणि सगळं गणित फिरलं. ज्या वॉर्डात पिढ्यानपिढ्या एकाच घराचा शब्द चालायचा, तिथं आता वस्ती ज्याच्या बाजूनं जाईल तो निवडून येणार होता. दरड पडली तिकडं डोंगरात आणि खुर्ची हलली इकडं. त्यात वस्तीतली एक सून स्वतःच उमेदवार म्हणून उभी राहिली.

तीच सून एका सकाळी ठाण्यात आली. मागं तिचा सासरा, वस्तीचा म्होरक्या. मुंडासं हातात, डोळे सुजलेले.

"सायेब, आमचा वाघोबा चोरीला गेलाय. फिर्याद घ्या."

वाघोबा म्हणजे वाघ कोरलेला दगड. डोंगरातली माणसं गुराढोरांची राखण त्याच्यावर सोपवतात, दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याला खिरीचा नैवेद्य दाखवतात. दरडीच्या मलब्यातून हा एकच देव शाबूत निघाला होता. तो खाली आणून बसवला, तेव्हाच ही माणसं इथं राहायला तयार झाली होती.

"चोरी न्हाई सायेब," म्हातारा म्हणाला. "त्यो माघारी गेलाय. वरून सोयऱ्याचा फोन आला, जुन्या जागंवर हुबा हाय. देवाला हितं करमलं न्हाई. आता आमाला बी जावं लागंल."

"कुठं जायाचं? त्या चिरलेल्या डोंगराखाली?" सून उसळली. "सासूबाई तिथंच गेल्या ना? माझी पोरं मी न्हाई न्यायची."

"देवाम्होरं कुनाचं चालतं, बाई?"

हवालदारानं जबाब लिहायला घेतला. "बाबा, राहणार कुठले?" म्हाताऱ्यानं गाडल्या गेलेल्या वाडीचं नाव सांगितलं. "तसं नव्हं, आता कुठं राहता?" म्हाताऱ्यानं पुन्हा तेच नाव सांगितलं. शेवटी पत्ता सुनेनं सांगितला.

मतदान तोंडावर आलेलं, आणि वस्तीत बोचकी बांधायला सुरुवात झालेली. ही माणसं वर गेली असती तर मत बुडालं असतं, पोरांची शाळा बुडाली असती, आणि पुढच्या पावसात तो डोंगर काय करेल याचा भरवसा कोणी दिला असता?

नाक्यावरचा चहावाला माझा जुना बातमीदार. त्याला सहज विचारलं, गावात काय विशेष? तो म्हणाला, "आण्णा लई खुशीत हायेत साहेब. पावणं चालले म्हनून समद्यांना भजी चारत्यात. आजून मतदान बी व्हायचंय राव!"

अण्णा म्हणजे त्या वॉर्डाचे जुने पुढारी. मतदानाआधीच विजयाची भजी खाऊ घालणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर त्याला काहीतरी ठाऊक असतं. अण्णा वेडे नव्हते.

वरची हद्द दुसऱ्या ठाण्याची. त्यांना कळवलं, पंच घेतले आणि सासरा-सुनेला घेऊन डोंगरात गेलो. जिथं वाडी होती तिथं आता गुडघाभर गवत. त्यात वाघोबा उभा. मीही आधी हात जोडले, पोलिसालाही देव असतो. मग पंचनाम्याला बसलो. समोर फोडलेला नारळ. दगडाच्या पाठीवर हात फिरवला तर तेलातला शेंदूर बोटांना लागला, आणि त्या चिकट शेंदरात कांद्याचे पापुद्रे अडकलेले दिसले.

"बाबा, इथं कांदा होतो?"

"हितं? भात आन् नाचणी. कांदा कुठला सायेब?"

"मग देव कांद्याच्या गाडीत बसून आला, आणि आल्यावर स्वतःच स्वतःपुढं नारळ फोडला, असं म्हणायचं का?"

सुनेला हसू फुटलं. म्हातारा हसला नाही. "कुनी आनला त्ये दावा," म्हणाला. "तवर आमी बोचकी सोडत न्हाई."

गावात निम्म्या घरांपुढं पिकअप. बराखीत साठवलेला कांदा मंचरच्या बाजारात नेणाऱ्या सगळ्या. आचारसंहितेमुळं नाक्यावर वाहन तपासणी चालूच होती, तिथंच एकेक गाडी बघितली. प्रत्येक हौद्यात माती आणि पापुद्रे. एकच हौदा लख्ख धुतलेला. कांद्याची गाडी ऐन हंगामात कोणी धूत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच घाण व्हायची असते.

गाडीवाला तिशीतला, अण्णांच्या प्रचाराची गाडी चालवणारा. त्याला ठाण्यात बसवला, चहा दिला. चौकशीत मी आवाज चढवत नाही. समोरचा दमेपर्यंत गप्पा मारतो.

"गाडी धुतली वाटतं?"

"दिवाळी आली सायेब."

"दिवाळीला लोक बाहेरून धुतात. तुझ्या टायरांवर चिखल तसाच आहे, आणि हौदा मात्र आतून घासलास."

त्यानं चहाचा कप उचलला.

"बरं, ते जाऊ दे. नारळ फोडताना देवाला काय म्हणालास, तेवढं सांग."

त्यानं कप खाली ठेवला. "मनलं, बाबा, माजं काय न्हाई यात. मला आण्णांनी सांगितलं. माज्या पोरांवर कोपू नको." आणि ढसाढसा रडायला लागला.

लोक पोलिसाला खोटं सांगतात. देवाला सांगितलेलं सहसा खरं असतं.

अण्णांनी कानांवर हात ठेवले, पण फोनच्या नोंदी बोलल्या. दोघांवर गुन्हा दाखल झाला. मुद्देमाल म्हणून जप्त केलेला देव कोर्टाच्या परवानगीनं सुनेच्या ताब्यात दिला. वस्तीनं वाजतगाजत त्याला परत बसवला, आणि म्हाताऱ्यानं आपलं बोचकं सगळ्यांदेखत सोडलं. मतदानाला वस्तीच्या बायका रांगेत सर्वांत पुढं होत्या. सून निवडून आली.

मत दिलं म्हणून कोणी गावचा होत नाही, हे मलाही कळतं. पण ज्याच्या मतावाचून भागत नाही, त्याच्या दाराशी गावाला यावंच लागतं, हे त्या प्रकरणानं मला शिकवलं. वस्तीत नळ आला. पुढच्या वाघबारशीला खीर खायला खुद्द अण्णा मांडी घालून बसले होते, पुन्हा मतं मागायची होती ना! मी पोटभर हसलो. आणि खरं सांगतो, बरंही वाटलं.

पण मनात घर करून राहिलं ते दुसरंच. अण्णांनी वकील दिला तो स्वतःपुरता. त्या गाडीवाल्याला जामीन मंजूर झाला, तरी अण्णांच्या धाकानं जामीनदार म्हणून उभं राहायला भावकीतलं कोणी येईना. निवडणुकीच्या निकालानंतर एक दिवस वस्तीचा म्हातारा नव्या घराचा उतारा घेऊन कोर्टात हजर. सून मागून तणतणत होती, "मामंजी, तुमी जामीन ऱ्हानार? त्याला?"

"त्यानं देवाला नारळ फोडला, बाई. भ्याला त्यो. आन् आपल्याच गावचा हाय की."

कारकुनानं मान वर न करता विचारलं, "जामीनदार, राहणार कुठले?"

हवालदारानं माझ्याकडं बघितलं. म्हाताऱ्यानं मुंडासं सारखं केलं आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्या गावाचं नाव सांगितलं. खालच्या गावाचं.