मोजणे थांबले ती दुपार

कमलाक्कांना मी प्रथम पाहिले ते आमच्या मुलींच्या शाळेच्या शिक्षकखोलीत. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी मुख्याध्यापिकांशी भांडून बसले होते. गणित शिकवणाऱ्या या बाईंनी आपला डबा माझ्यापुढे सरकवला. "आधी जेव गे. भांडण गार झाले तरी चालते, सांबार नाही."

त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी सत्कार समितीने मला 'पतिसेवा' हा विषय दिला. सेवा सगळ्यांना दिसते. ती करणाऱ्या बाईचे काय होते, ते कोणी विचारत नाही. म्हणून मी तेच लिहिते.

अक्कांचे यजमान राव भातगिरणीत व्यवस्थापक होते. कोंड्याची धूळ आणि सिगारेट यांनी त्यांची फुप्फुसे पोखरली. सात वर्षे राजवाड्यामागच्या त्यांच्या घरात प्राणवायूचे यंत्र घरघरते आहे. डॉक्टर रावांची छाती तपासतात. शेजारी उभ्या असलेल्या बाईंना "तुम्ही कशा आहात?" असे त्यांच्यापैकी एकानेही विचारले नाही. याचा मला आजही संताप येतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आले की अक्कांचे ओठ सतत हलतात. मला वाटले, जप असेल. जवळ बसले तेव्हा आकडे ऐकू आले. त्या रावांचे श्वास मोजत होत्या. पुढे बाजारात, घरापासून मैलभर लांब, वांगी निवडतानाही ओठ चालूच.

"इथून कसे ऐकू येतात?" मी विचारले.

"येतात. मी थांबले तर ते थांबतील."

भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

रावांना हे ठाऊक होते. एका दमात त्यांना दोनतीनच शब्द जमत. "ही माझ्याकडे... बघत नाही," ते मला म्हणाले. "मोजते." कॉफीच्या कडकपणावरून रोज भांडणारे ते जोडपे, आता त्यांच्यात भांडणही उरले नव्हते.

शेवटी मी अक्कांना दटावून तिरुवैयारूला कावेरीच्या घाटावर नेले. रावांजवळ त्यांच्या बहीण बसल्या. पायरीवर टेकल्या टेकल्या अक्कांचा डोळा लागला. झोपेतही ओठ हलत होते. मग ते थांबले.

मी आयुष्यभर मुलींना विज्ञान शिकवले. तरी मी घड्याळ पाहिले, आणि ओठ थांबल्याची वेळ ध्यानात ठेवली. पण इतक्या दिवसांनी झोपलेल्या अक्कांना उठवायला हात पुढे होईना.

त्या दचकून उठल्या. "किती झाले गे?"

"मी मोजले नाही."

परतीची बस थांबताच त्या घराकडे झपाझप चालू लागल्या. दारातून यंत्राची घरघर ऐकू आली. पण ते यंत्र रिकाम्या खाटेजवळही तसेच घरघरले असते.

राव उठून बसले होते. बहीण खुर्चीत घोरत होत्या.

"झोपलीस?" रावांनी विचारले.

"हो. चुकले माझे."

"मीही झोपलो. गाढ," राव म्हणाले. "कोणी... मोजत नव्हते."

अक्का त्यांच्याजवळ बसून खूप रडल्या. मग नणंदेने केलेली कॉफी चाखून म्हणाल्या, "अय्यो, ही कॉफी की भांडी विसळलेले पाणी?" राव इतके हसले की खोकला लागला. तो अक्कांनी मोजला नाही.

रावांचा आजार बरा होणारा नाही. अजूनही कधी अक्कांचे ओठ हलू लागतात. मग राव त्यांचा हात धरतात. कमलाक्कांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि त्यातली प्रत्येक दुपार झोपेची असो. त्या वेळी सत्काराचा हार घेऊन कोणी त्यांचे दार वाजवलेच, तर त्याची गाठ माझ्याशी आहे.