सोमाजीचं हेल्मेट

नागभीडजवळच्या तलावातले मासे सोमाजी सायकलवरून गावोगाव विकायचा. १९९८ साली माजरीच्या कोळसा खाणीत कामाला असलेल्या मेव्हण्यानं त्याला आपलं जुनं हेल्मेट दिलं. हनुवटीखाली पट्टा आवळून सोमाजी निघाला की गिऱ्हाइकं विचारत, "सोमाजीभाऊ, मासे खाणीतून काढून राह्यले का?" तो हसून मासे तोलायचा.

एका सकाळी जंगलातल्या उतारावर रानडुक्कर आडवं आलं. सायकल उलटली आणि सोमाजीचं डोकं उताराखालच्या पुलाच्या दगडावर आदळलं. हेल्मेट तडकलं. डोक्याला खरचटलंही नाही, पण खांद्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात त्याची बायको गुणाबाई म्हणाली, "हेल्मेट होतं म्हून वाचले तुमी."

"डोकं वाचलं, हे खरं हाय," सोमाजी म्हणाला. "पन पयले मी त्या उतारावर पायी चालत होतो. हेल्मेट आल्यापासून मले भेवच नाई वाटे. ब्रेकसुदिक लावत नोतो."

दोन महिन्यांनी त्यानं मेव्हण्याकडून दुसरं हेल्मेट मागवलं. ते घालूनही तो उतार आला की सायकलवरून उतरायचा. पलीकडच्या गावाला मासे जरा उशिरा पोचू लागले.