पाऊण मण

नानांच्या हाती काहीही दिलं की त्यांचे दोन्ही हात किंचित खाली जायचे, वर यायचे आणि तोंडातून वजन बाहेर पडायचं. कलिंगड असो, पाण्याचा हंडा असो, माझं दप्तर असो. "अडीच शेर," म्हणून ते दप्तर परत द्यायचे. आपण काही बोललो हे त्यांच्या गावीही नसायचं.

नाना म्हणजे माझे वडील, धुळ्याच्या कापूसबाजारात मापाडी होते. किलो अजून यायचे होते, मण-शेरच चालत. गाडीवरून ओझं उतरवताना नाना आकडा ओरडत आणि काटा मागाहून तेच सांगे. व्यापारी चेष्टा करत, "नाना, काटा विकून टाकू का?"

"हात उचलतस, तोंड बोलस," नाना हसून म्हणत. "मी मझार नही ऱ्हास."

मी त्यात नसतोच, असं त्यांचं म्हणणं. मला ती थट्टाच वाटे.

आई वर्षभर अंथरुणाला खिळून होती. ती गेली त्या सकाळी, धुळ्यातल्याच देवपूरच्या घरी, तिला आंघोळीसाठी खाटेवरून पाटावर घ्यायचं होतं. नानांनी कुणाला हात लावू दिला नाही. एकट्यानं तिला उचललं. हात किंचित खाली गेले, वर आले. आणि बाजारातल्या त्याच खणखणीत आवाजात ते म्हणाले, "पाऊण मण."

मावशी ओरडली, "दाजी, ते काय कापूसनं गठोडं शे का?"

नाना गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. काय झालं ते त्यांना माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं असावं. "बापू, मी नही बोलनू रे," ते म्हणाले. मी मान फिरवली.

तेराव्यानंतर मी जळगावला, शाळेतल्या नोकरीवर परतलो. तीन वर्षं देवपूरला गेलो नाही. कुणाकडून तरी लिहून घेतलेली त्यांची पत्रं यायची. उत्तर लिहायला बसलो की तो आवाज कानात यायचा, आणि मी दौत बंद करायचो.

मुलगी झाली तेव्हा पत्नीनं मला न विचारता त्यांना बोलावून घेतलं. नाना आले, भिंतीला टेकून बसले. एक गाल फुगलेला होता. तिनं विचारलं, दाढ दुखते का?

"सुपारी शे," ते म्हणाले. "काही उचलानं ऱ्हायनं का तोंडमा धरस. बाजारमाबी."

मी मुलगी त्यांच्या हातांवर ठेवली. हात खाली गेले, वर आले. ओठ घट्ट मिटलेले होते. मी त्यांच्या हनुवटीखाली तळहात धरला.

"काढा ती, नाना."

सुपारी माझ्या हातात पडली. ओली, चघळून गुळगुळीत झालेली.

"साडेतीन शेर," ते म्हणाले, आणि बराच वेळ रडत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात नाना गेले. त्यांना पाटावर घेताना मीही कुणाला हात लावू दिला नाही. ते फार हलके झाले होते. किती, ते मला सांगता आलं नाही.