सांधेदुखीच्या मलमाची आठवी चाचणी

कारखान्यात त्यांना सगळे झाकणकाका म्हणत. हुद्दा तपासनीसाचा, पण गेली सव्वीस वर्षं मलमाच्या प्रत्येक खेपेतली एक बरणी ते संध्याकाळी घरी नेऊन आईपुढे ठेवत. मलम सांधेदुखीचं, आणि आईची बोटं आखडलेली. तिला झाकण उघडलं तर माल पास. नाही उघडलं, तर दुसऱ्या दिवशी काका झाकणं बसवणाऱ्या मशीनवाल्याच्या डोक्यावर बसत.

मग सॉफ्टवेअर आलं. प्रत्येक मालाच्या चाचण्यांचा एक गट बांधायचा, त्याला म्हणायचं स्पेसिफिकेशन. गटातली एक जरी चाचणी नापास झाली, तरी खेप दाराबाहेर पडणार नाही. गटात नसलेल्या चाचणीला मात्र कुणी हिंग लावून विचारणार नाही.

वजन, रंग, वास, दाटपणा असं करत सात चाचण्या बसल्या.

"आठवी लिही," काका सॉफ्टवेअरवाल्या मुलीला म्हणाले. "आईला झाकण उघडलं पाहिजे."

"काका, मर्यादा आकड्यात लागते. आई किती?"

"आई एकच आहे गं!"

मुलगी हसली, पण रकाना रिकामाच राहिला. "उद्या दुपारी गट कायम होणार. तोवर आकडा आणा."

काकांनी झाकणाचा जोर मोजायचं यंत्र पिशवीत घालून घरी नेलं. यंत्र बघताच आईला चेव आला. दातओठ खाऊन तिने झाकण असं पिरगाळलं, की काटा थेट वीसवर.

"बघ! म्हणे म्हातारी झाली!"

काकांचा चेहरा पडला. वीस म्हणजे पहिलवानाची मर्यादा. त्यात कुठलीही घट्ट बरणी पास झाली असती. पण आईला खोटं कसं पाडायचं? त्यांनी यंत्र पुन्हा पिशवीत घातलं.

सकाळी ते निघाले, तर आई दारात उभी.

"काढ ते यंत्र. काल जरा मिरवले मी."

"राहू दे गं."

"राहू दे काय? सकाळी बोटं वळत नाहीत तेव्हाच मलम लागतं ना?"

तिने झाकण धरलं. काटा सातवर थरथरला आणि मागे आला. तिने पुन्हा जोर लावला. पुन्हा सातच.

काका काट्याकडे बघत राहिले. आईत इतकाच जोर उरलाय, हे रोज एका घरात राहून त्यांना कळलं नव्हतं.

"बघतोस काय? लिही," आई म्हणाली.

दुपारी आठवी चाचणी गटात बसली : झाकण उघडायला लागणारा जोर, जास्तीत जास्त सात. संध्याकाळची खेप अकरावर अडकली. मॅनेजर तणतणत आले, "हे सात कुणी ठरवलं?"

"आमच्या आईने," काका म्हणाले, आणि झाकणं सैल करायला मशीनकडे निघाले.