वैशालीचा डबा

माझ्या ओळखीच्या एकाही माणसाला हे ठाऊक नाही. भावाला नाही, कामावरच्या कोणाला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलल्यासारखं लिहून बघते. जमेल का — माहीत नाही. याआधी सुरुवात केली की दर वेळी सायकलचंच वर्णन करत बसायचे आणि मग कागद फाडायचे. आताही सायकलपासूनच सुरू करावं लागणार, कारण सगळं तिथूनच झालं.

मी कर्जतला, दहिवलीत राहते. खोपोलीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. लग्न झालं होतं. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत पनवेलहून परत आले, आणि तेव्हापासून घरात आई आणि मी. परत आले त्या दिवशी आईनं दार उघडलं, हातातली बॅग घेतली आणि चहा टाकला. काय झालं, कशावरून झालं — एक प्रश्न नाही. त्या वेळी मला तो तिचा मोठेपणा वाटला होता. पुढे पुढे वाटायला लागलं, हिनं विचारलं का नाही?

सायकल मी चाळिशीत घेतली. रविवारी सकाळी कर्जतहून नेरळ, आणि नेरळहून माथेरानचा घाट. घाटात निम्मा वेळ मी सायकलवर नसतेच, सायकलला ढकलत असते. टॅक्सीतले लोक बघून हसतात. हसू देत. वर दस्तुरी नाक्याला सगळ्या गाड्या थांबतात, पुढे मोटारींना बंदी. मीही सायकल तिथंच कुलूप लावून ठेवते आणि लाल मातीतून चालायला लागते. हल्ली बॅटरीच्या रिक्षा आल्यात, पण त्यांचा काही आवाज नाही. घोड्यांच्या टापा, माकडांची भांडणं, आणि दिवसभर एक हॉर्न कानावर नाही. चारी बाजूंनी दरी. मी मनातल्या मनात त्याला बेट म्हणायचे. कोणाला म्हणून दाखवणार?

आईला हे एकटीनं घाटात जाणं अजिबात पसंत नव्हतं. तिचा जीव टांगणीला लागायचा. म्हणून मी एकदा नेरळच्या सायकलवाल्यांच्या एका ग्रुपबरोबर गेले. सगळे माझ्याहून तरुण, रंगीत जर्सी घातलेले, एकमेकांना टोपणनावांनी हाका मारणारे. पहिल्या चढालाच ते पुढे गेले. मी वर पोचले तेव्हा त्यांचे फोटो काढून झाले होते. एकानं मला विचारलं, "मॅडम, आमचा एक काढता का?" मी काढला. दिवसभरात माझ्याशी कोणी बोललेलं एवढंच.

घरी आले तर आई ओट्यापाशी उभी. नुसतं तोंड बघून काय ते तिला कळायचं, पण त्या दिवशी तिला वेगळंच बघायचं होतं. तिनं विचारलं, "कोन भेटलं काय गं तुला?" त्या विचारण्यात इतकी आस होती — मी खोटं बोलले. म्हटलं, हो, एक भेटली. वैशाली नाव. नेरळला राहते. पुढच्या रविवारी आम्ही दोघीच जाणार आहोत.

बस. इतकं साधं होतं ते. नाव तोंडात आलं ते घेतलं. मला वाटलं, आईची काळजी मिटेल आणि मलाही कोणी कीव करून बघणार नाही. यात कोणाचं काय बिघडणार होतं?

पण आईचं माहेर म्हणजे खालापूरकडचं खेड्यातलं घर, दारात आलेल्याला ओळखपाळख नसली तरी बसवून घेणारं. लेकीची मैत्रीण म्हटल्यावर ती गप्प बसणार होय? राहते कुठं, कोणाची कोण आहे, दिसते कशी? फोटो दाखव म्हणून मागेच लागली. मी घाटात पुढे चाललेल्या कोणा अनोळखी बाईचा पाठमोरा फोटो काढून आणला. हेल्मेट, पाठीवर सॅक, चेहरा दिसायचा प्रश्नच नाही. आईनं मोबाईल डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "बारीक हाय गं. घरात करून घालनारं कोन नसंल."

आणि पुढच्या रविवारी माझ्या कॅरिअरला दोन डबे आले. आमच्याकडे डबा म्हणजे तांदळाची भाकरी आणि सुकट. आईनं आदल्या दिवशी विचारलं होतं, ती मासळी खाते का. मी म्हटलं, नाही खात. वाटलं, आता हे डब्याचं प्रकरण इथंच थांबेल. कसलं थांबतंय! मी आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेतला होता. आईनं वालाचं बिरडं करायला घेतलं.

कडव्या वालांचं बिरडं कसं होतं, माहीत आहे ना तुम्हाला? वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून साल काढायची. आईच्या अंगठ्याचा सांधा दुखायचा. त्यापायी आमच्या घरात वाल कितीतरी वर्षं सालीसकटच शिजत होते. वैशालीसाठी मात्र ती शनिवारी दुपारी परात घेऊन बसायची आणि संध्याकाळपर्यंत सोलत राहायची. मी मदतीला बसले तर म्हणायची, तू राहू दे, तू दाणा मोडतेस.

त्या डब्याचं मी काय करायचे? खायचे. दुसरं काय करणार? नेरळ दिसतं त्या पॉइंटवर झाडाखाली बसायचे आणि आधी माझा डबा, मग तिचा. माकडं यायच्या आत. खाली नेरळच्या नव्या इमारती काड्यापेट्यांसारख्या मांडलेल्या दिसतात. त्यातली एक पिवळी इमारत मी वैशालीला देऊन टाकली होती. वरचा मजला, खिडकीत तुळस. हसाल तुम्ही. मी स्वतःही हसायचे, आणि मग एकदम रडायलाच यायचं. तो डबा माझ्या डब्याहून चांगला असायचा. ओलं खोबरं जास्त, वर कोथिंबीर, भाकरी फडक्यात वेगळी बांधलेली. मला काय वाटत होतं ते सांगू? मी तिच्यावर जळत होते. नसलेल्या बाईवर.

आणि तरी मी तिला वाढवत गेले. कारण वैशालीबद्दल बोलताना आई माझ्याशी बोलायची. वाल सोलता सोलता विचारायची, मग काय म्हणत होती? मी सांगायचे. तिचं लग्न मोडलंय म्हणाले. नवरा हात उगारायचा नाही, पण दिवसचे दिवस बोलायचा नाही. जेवणाचं ताट सरकवून उठून जायचा, आणि ही त्याच ताटासमोर बसून राहायची. का बोलत नाही ते कळायचंच नाही तिला. शेवटी तिला स्वतःचाच आवाज विचित्र वाटायला लागला, म्हणून ती निघून आली.

हे सगळं पनवेलचं होतं. माझं होतं. आईचे हात परातीतल्या पाण्यात थांबले होते. मला वाटलं, आता ती मान वर करून माझ्याकडे बघेल. तिनं एक दाणा उचलला, सोलला, आणि म्हणाली, "तिला सांग, आमच्याकडंच ये र्‍हायला. दोन खोल्या हायत. तुला काय दुखतं-खुपतं ते मला सांगत जा. मला आईच समज."

मला आईच समज! जी खरी मुलगी समोर बसली होती, जिनं हेच सगळं भोगलं होतं, जी इतकी वर्षं शेजारच्या खाटेवर झोपत होती, तिला हे वाक्य कधी मिळालं नव्हतं. ते मिळालं मी तोंडाला येईल ते नाव देऊन उभ्या केलेल्या बाईला. कधी वाटतं, आईला सगळं कळलं असेल आणि ती माझ्याशीच बोलत असेल. पण तसं समजणं माझ्या फार सोयीचं आहे. आणि त्यानंतर जे झालं त्यावरून तरी तिला काही कळलं नव्हतं.

आता ते सांगते. टाळून टाळून किती टाळणार?

त्या रविवारी मी घरी आले तेव्हा आई दारातच होती. सांगितलंस का? काय म्हणाली? — मी चपला काढल्या, सायकल भिंतीला लावली आणि सांगितलं की वैशाली दुखावली. म्हणाली, तुझ्या आईला मी काय रस्त्यावरची वाटते का? माझी कीव करायला मी कोणाला बोलावलं होतं? आता यापुढे ती माझ्याबरोबर येणार नाही.

हे मी शांतपणे सांगितलं. घाटात उतरताना सगळी वाक्यं जुळवत आले होते. खोट्यातून सुटायला मला शंभर वाटा होत्या — वैशालीची बदली झाली, तिनं पुण्याला घर घेतलं, तिचा पाय मोडला. मी नेमकी ती वाट घेतली जिच्यात दोष आईच्या माथी येत होता. मला तिला दुखवायचं होतं. रागाच्या भरात निसटलं असं म्हणता येणार नाही, कारण तो घाट उतरायला चांगला वेळ लागतो.

आई खाली बसली. "मी वाईट मनानं नवतं गं बोलले," एवढंच म्हणाली. मी आत जाऊन तोंड धुतलं.

तुम्हाला वाटेल, इथं तरी मी थांबले असेन. पुढच्या शनिवारी आईनं पुन्हा वाल सोलले. डबा बांधून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, एवढा तिच्या घरी नेऊन दे, माझं चुकलं म्हणून सांग. मी डबा घेऊन गेले. नेहमीच्या झाडाखाली बसून खाल्ला, नळावर धुतला, आणि घरी येऊन सांगितलं की तिनं डबा घेतला, रिकामा करून परत दिला, पण मला आत ये म्हणाली नाही. आईनं डबा हातात घेतला, उघडून पाहिला आणि फळीवर ठेवून दिला. त्यानंतर वैशालीचं नाव तिनं काढलं नाही.

मला वाटलं होतं, चला, संपलं. आता घरात पुन्हा आम्ही दोघी. पण आई बदलली. आमच्या गल्लीतून जाणाऱ्या कोणाला आईनं हाक मारली नाही असं कधी झालं नव्हतं. वाडीवरून रानभाज्या घेऊन येणाऱ्या बायका टोपली उतरवून आमच्या पायरीवर बसायच्या, आई त्यांच्या पोराबाळांची चौकशी करायची, त्यांच्या घरच्या भांडणातही बिनधास्त आपलं मत द्यायची. तीच आई आता भाजी घ्यायची आणि मान हलवायची. शेजारची सून माहेरून आली, तब्येत उतरलेली होती तिची, आईच्या ओठावर काहीतरी आलं आणि तिनं ते गिळलं. मी बघत होते. कोणी येऊन गेलं की दार लावून माझ्याकडे वळायची आणि हळूच विचारायची, "मी काय चुकीचं बोलले नाय ना?"

किती वेळा विचारलं असेल तिनं! मी म्हणायचे, नाही. कधी कधी तेही म्हणायचे नाही. मोबाईलमधून मान वर काढायचे नाही, आणि ती तशीच थोडा वेळ उभी राहून आत जायची. पनवेलला माझ्याशी जे झालं, ते मी हिच्याशी करत होते, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. अगदी त्याच वेळी कळत होतं.

मग आम्ही दोघी गप्प राहायला लागलो. ती टीव्ही बघायची, मी स्वयंपाक करायचे. रविवारी मी माथेरानला जायचे, एकच डबा घेऊन, आणि मी कोणाबरोबर जाते हे तिनं पुन्हा विचारलं नाही. घाटाची भीती तिची गेली होती असं नाही. मी परत येईपर्यंत ती गॅलरीत उभी असायची. मी फाटकातून आत आले की आत निघून जायची.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आई अंथरुणाला खिळली. भाऊ येऊन गेला, वहिनी राहून गेली. एका दुपारी मी तिला पेज भरवत होते. भिंतीकडे बघता बघता तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "ती वैशाली कधी आली ना, तर दारातनं परत धाडू नको. आत घे. मी कायपन बोलनार नाय."

घरात दुसरं कोणी नव्हतं. टीव्ही बंद होता. तिचं तोंड माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर होतं, आणि सांगायला फक्त एवढंच होतं — आई, वैशाली नाहीच. तू काहीसुद्धा चुकीचं बोलली नव्हतीस.

मी चमचा पुन्हा भरला आणि म्हटलं, बरं.

त्यानंतरही आई बरेच दिवस होती. शुद्धीवर होती. मी सांगितलं नाही.