पहिला नंबर आणि विहिरीतली राणी

"सर, राणी अजून विहिरीत लटकलेली आहे. आत्ता खेळ बंद करता येणार नाही," मी फोनवर म्हणाले.

"कुणाची राणी?" निनाद सरांनी पुण्याहून विचारलं.

"येलदरीच्या कौसाबाईंची."

"रँकिंग बघितलंस का? 'पाणवठा' सगळ्यात खाली आहे. राणी राहू दे विहिरीत."

मी एका खेळांच्या कंपनीची परभणी जिल्ह्याची प्रतिनिधी. त्याआधी कॉलेजात पत्रकं लिहायचे. बंद पडलेली एसटी, बंद पडलेलं वाचनालय, बंद पडलेला हापसा. 'बंद' हा शब्द कानावर पडला की माझं डोकं आजही फिरतं.

आम्ही विकतो ते भूमिकांचे खेळ. पाच-सहा जण गोल करून बसतात. त्यातला एक सूत्रधार. तो खोक्यातलं पुस्तक बघून गोष्ट सांगतो: समोर जंगल आहे, काय करता? बाकीचे पात्रं होतात. कुणी राणी, कुणी चोर, कुणी वैदू. केलेलं जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. सगळ्या टोळीला मिळून एक खोकं पुरतं. हे वाक्य लक्षात ठेवा, सगळा घोळ तिथंच आहे.

आता रँकिंग. नाव ऐकून कुणी याला शास्त्र समजू नये. ऑफिसातून एक जण दुकानदारांना फोन करतो, "काय जास्त जातंय?" दुकानदाराच्या समोर गिऱ्हाईक उभं असतं. तो आठवेल ते सांगतो. त्या आठवणींची उतरंड लावली की झालं रँकिंग! विकलं काय ते विचारतात. खेळलं काय ते कुणी विचारत नाही. आणि या असल्या यादीवर खेळ जगतात, मरतात.

येलदरीत 'पाणवठा'चं एकच खोकं गेलेलं. धरणाजवळ मासेमारी सोसायटीची शेड आहे. दुपारी जाळी वाळत घातली की तिथं सात-आठ जणांचा डाव बसतो. खोक्याचे कोपरे चिकटपट्टीनं बांधलेले, हरवलेल्या फाशांच्या जागी चिंचोके. सूत्रधार सुलोचनाबाई. राणी तिची सासू, कौसाबाई. गोष्ट अशी की गावातलं पाणी गायब होतं आणि राणी ते शोधायला कोरड्या विहिरीत उतरते. पहिला भाग तिथंच संपतो. राणी अधांतरी. दुसरा भाग अजून छापलेलाच नाही.

मी शेडमध्ये पाय ठेवला की कौसाबाई सुरू.

"आली का गं ताई? माज्या सुनंनं दिवाळीपासून मला हिरीत लटकावलंय. दोर दे म्हणलं तर म्हणती, पुस्तक संपलं!"

"आत्याबाई, खरंच संपलंय."

"पुस्तक संपलं अन् तुझं त्वांड चालूच! ताई, लय दिवसाचा डाव हाय हिचा. खऱ्या हिरीत ढकलता येईना, म्हणून ह्या."

सुलोचनाबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, हसण्यावारी नका नेऊ. सैपाकघरात बोलणं बंद केलंय त्यांनी. मीठ मागायचं तर नातवाला सांगत्यात. तेवढा दुसरा भाग आणा."

मी सरांना खरमरीत रिपोर्ट पाठवला. रँकिंग विक्रीवर लावू नका, खोक्याचे कोपरे किती झिजले त्यावर लावा. सरांचं उत्तर आलं: "झिजलेला माल आपण परत घेत नाही. पुढच्या रँकिंगला 'पाणवठा' वर आला, तर दुसरा भाग छापू. नाहीतर बंद."

पहिल्या नंबरावर कायम 'राजगादी'. सगळे खेळाडू राजे, दिवसभर एकमेकांना फर्मानं सोडायची. इतका कंटाळवाणा खेळ मी बघितला नाही. तरी परभणीच्या दुकानातून धडाधड जायचा. दुकानाचे मालक गफारचाचा. त्यांना विचारलं, घेतं कोण?

"झरीवाले, बेटा. एक ले गया के पीछे दस आते. लगन के टैम पे तो पूछो नक्को."

लग्नाच्या वेळी? मी स्कूटी झरी गावाकडं वळवली.

ज्या घरी मांडव दिसला तिथं शिरले. घरच्या शोभाकाकूंनी चहा टाकला. समोर टेबलावर रुखवत मांडलेलं: रुखवत म्हणजे नवरीबरोबर द्यायच्या वस्तूंचं प्रदर्शन. साखरेची तुळस, लोकरीचं तोरण, सुपारीचं जोडपं. आणि मधोमध, झेंडूच्या माळेत, 'राजगादी'. झाकणावर सोनेरी सिंहासन चमकत होतं.

"काकू, हा खेळ कसा वाटला?"

"कंचा खेळ?"

"हा. गादीचा."

"ह्यो खेळ हाय व्हय?" काकू खोक्याकडं बघतच राहिल्या. "वरच्या आळीच्या लग्नात कुणा मामानं पुण्याहून आणून रुखवतात ठिवला. मग आमच्या पोरीच्या रुखवतात नगं का? आमाला काय कमी हाय?"

"उघडून बघितला नाही?"

"उघडल्यावर कोण ठिवंल? सील असलं म्हंजी नवं दिसतंय."

म्हणजे मराठवाड्यातला सर्वांत लोकप्रिय खेळ झरीत कुणीच खेळलेला नव्हता. सील न तोडता तो लेकींबरोबर सासरी जात होता, टीव्हीवरच्या फळीवर बसायला. माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळा तयार झाला: 'रँकिंगचा धिक्कार असो!' पण पत्रकानं विहिरीत दोर पोचत नाही. मी पिशवीतून 'पाणवठा' काढून पुढं केला.

काकूंनी खोकं हातभर लांब धरलं. "अगं बाई! कोरडी हीर! रुखवतात कोरडी हीर ठिवून पोरीला जल्मभर पाण्याला लावायचं का?"

"मग काय करू?"

"पाणी भर हिच्यात अन् आण. काठावर कळस ठिव, नारळ ठिव. मग बघ."

मी तिथूनच ऑफिसात फोन लावला. खेळ लिहिणारी मीनल हादरली. "अगं, गोष्टच पाणी आटल्याची आहे! झाकणावर भरलेली विहीर कशी काढू?"

"पहिल्या पानावर आटव," मी म्हणाले.

नवं झाकण आलं. काठोकाठ पाणी, कळस, नारळ, हिरवी साडी नेसलेली राणी. लग्नसराई होतीच. झरीत बोलवा अशी उठली की गादी आणि हीर जोडीनंच द्यायची असते. पुढच्या रँकिंगला 'पाणवठा' पहिला! दुसरा भाग छापला. मला साधं शाब्बास म्हणायच्या आधी सरांनी फर्मान सोडलं:

"झरीत लोक खेळतायत, असा फोटो पाठव."

"सर, झरीत कुणी खेळत नाही."

"मग पहिला नंबर कसा आला?"

"लग्नं आहेत, सर."

पलीकडून आवाज आला, "फोटो मात्र लागेल."

शेवटी सोसायटीच्या टेम्पोतून येलदरीची अख्खी टोळी झरीला आणली. शोभाकाकूंच्या धाकट्या लेकीच्या मांडवात बैठक घातली. रुखवतातलं खोकं मागितलं, तर काकूंनी दोन्ही हातांनी झाकलं. "सील तोडायचं न्हाई!" मग येलदरीचं मासळीचा वास मारणारं जुनं खोकं मधे ठेवलं. झरीकर भोवती उभे राहिले. काही जण आपापली सीलबंद खोकी छातीशी धरून. फोटो निघाला.

फोटो झाल्यावर मी दुसरा भाग सुलोचनाबाईच्या हातात दिला. टेम्पोवाला हॉर्न मारत होता, पण जागचं कुणी हललं नाही.

"राणीच्या हाताला दोर लागला," तिनं वाचलं. "चढता का, आत्याबाई?"

"चढता का म्हंजी? दिवाळीपासून लटकायलेय मी!" कौसाबाईंनी चिंचोके टाकले.

दान फसलं. सुलोचनाबाईनं पान बघितलं. "दोर तुटला."

"तोडलास ना? मला ठावंच होतं!"

"पुस्तकात हाय हो!"

"ताई, तू वाच."

मी वाचलं. दोर तुटतो. राणी खाली पडते. खाली पाणी असतं.



"पाणी घावलं?" कौसाबाई म्हणाल्या. "मलाच घावलं?" मग सुनेकडं वळून, "आधी ढकलायचं की गं मला!"

गर्दीतून शोभाकाकू पुढं आल्या आणि आपल्या सीलबंद खोक्यावर बोट आपटून म्हणाल्या, "मी म्हणलंच हुतं. हीर भरल्याली हाय."

तो फोटो आता ऑफिसात फ्रेम करून लावलाय. खाली लिहिलंय, 'झरीचे खेळाडू'. खेळणाऱ्यांतला एकही झरीचा नाही. मी हरकत घेतली, कुणी दखल घेतली नाही. तेव्हा माझ्यासारख्या पत्रकवाल्यांना एवढंच सांगते: रँकिंगवर विश्वास ठेवू नका. पण ते बदलायचंच असेल, तर पत्रक काढण्याआधी लग्नाच्या तारखा बघून घ्या.