रिले पडला नाही, असं मी म्हणालो

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. दादाला तर नाहीच. देवळात उभा राहून मनातल्या मनातसुद्धा कधी पुरतं म्हटलेलं नाही — शेवटच्या वाक्यापाशी आलो की हात जोडतो आणि बाहेर पडतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. आणि आता गिळवत नाही, म्हणून.

कोल्हापुरात माझं आणि थोरल्या भावाचं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. शिवाजी पेठेतली माणसं मला सरळ माणूस म्हणतात. ऐकलं की डोकं फिरतं माझं. कोण सरळ? कुणी बघितलंय?

रंगाची गन हवेवर चालते, हवा कंप्रेसर भरतो, कंप्रेसर मोटारीवर फिरतो. मोटार बसली की गॅरेज बसलं. आमच्या मोटारी भरायचे — म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळायचे — शिवाप्पा अण्णा. नेसरीकडचे, साठी ओलांडलेले, घरात कन्नड बोलणारे. मोटारीला हात लावून दुखणं सांगायचे. त्यांनी आमची मोटार नव्यानं भरून दिली आणि पंधरा दिवसांत ती अडायला लागली. सुरू होताना नुसती घुमायची, फिरायची नाही, आणि स्टार्टरमधला रिले पडून वीज तुटायची. रिले त्यासाठीच असतो — मोटारीवर जास्त ओढ बसली की तो पडतो, मोटार वाचते.

अण्णा आले. कंप्रेसरच्या टाकीतली सगळी हवा सोडायला लावली, मग बटण दाबलं — मोटार गुमान पळाली. टाकी भरल्यावर बंद केली, पुन्हा दाबलं — अडली.

"मोटारीला काय बी झाल्यालं न्हाई," ते म्हणाले. "टाकीच्या तोंडाचा व्हॉल्व गळतोय. हवा उलटी यिऊन मोटारीवर बसतीया. वझं घिऊन उठाया लागतंय की तिला. व्हॉल्व बदला, तवर चालवू नगा. आन त्या रिलेला हात लावू नगा."

दादा परगावी होता, येताना व्हॉल्व आणणार होता. मला दोन दिवस थांबायचं होतं. फक्त दोन दिवस! पण एका लग्नघरची गाडी रंगाला लागली होती, नवऱ्या मुलाचा बाप फोनवर फोन करत होता, आणि रिले सारखा पडत होता. मी चिडलो. तारेचा एक तुकडा घेतला आणि रिलेला बगल देऊन वीज थेट मोटारीला जोडली.

गाडी रंगून झाली. शेवटचा हात मारताना जळका वास आला, मोटारीतून धूर निघाला. मी मेन स्विच पाडला. आणि मग पहिलं काय केलं? धूर विरायच्या आत तार काढली आणि गटारात टाकली. विचारसुद्धा करावा लागला नाही मला — याचीच जास्त चीड येते.

दादा आला. "कशानं जळली?" चाळिशीतला मी, दोन पोरांचा बाप — आणि भावाच्या आवाजाला भ्यालो. म्हणालो, "अण्णांनी भरलेली. पंधरा दिवस टिकली नाही. व्हॉल्वचं नुसतं निमित्त."

दादानं मोटार टेम्पोत घातली. अण्णांच्या दुकानापुढं, चार गिऱ्हाइकांदेखत, तो नको ते बोलला. "दिसत नसंल तर घरात बसा की," असंही बोलला. मी त्याच्या मागं उभा. हलता येत नव्हतं म्हणू? येत होतं. हललो नाही.

अण्णांनी मोटार उघडली. आतली सगळी वेटोळी सारखीच काळी. भरण्यात चूक असली तर एका जागी जळतं, जास्त ओढीनं सगळीकडं — हे त्यांना ठाऊक, मलाही ठाऊक. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"धाकलं मालक, रिले पडला न्हाई व्हय?"

"नाही पडला." म्हणजे ओढ बसलीच नव्हती, दोष भरण्यातला.

"तुमी कुणी हात न्हाई न्हवं लावला?"

"नाही, अण्णा."

त्यांनी त्या वेटोळ्यांवरून बोट फिरवलं. त्यांचा आयुष्यभराचा हात एक सांगत होता, मी दुसरं सांगत होतो. आणि त्या माणसानं माझं खरं मानलं! "मग तारंवरचं माझंच वॉर्निश कच्चं ऱ्हायलं असंल," म्हणाले. का मानलं? शिवी का नाही हासडली? अजून कधीकधी मी त्यांच्यावरच चिडतो — बघा, केवढा निर्लज्ज आहे मी.

त्यानंतर ते भरून तयार झालेली मोटार पुन्हा उघडून बघायला लागले. बांधायचे, सोडायचे, परत बांधायचे. गिऱ्हाईक कंटाळून दुसरीकडं जायचं. वर्षभरात दुकान बंद करून गावी गेले. त्यांची नजर चांगली होती. हात चांगले होते. भरवसा तेवढा गेला होता, तो मी घालवला.

मागच्या वर्षी गडहिंग्लजला जाणं झालं. मुद्दाम गाडी त्यांच्या गावाकडं वळवली — सांगायचंच, असं ठरवून. अण्णा दारात बसले होते. केवढे खूश झाले! सुनेला हाक मारून चहा ठेवायला लावला. मी सुरुवात केली, "अण्णा, त्या मोटारीचं —"

"बरं झालं त्या वक्ताला समजलं," त्यांनी मला तोडलं. "न्हाईतर माझ्या हातनं कुणाचा तरी जीव गेला असता. तुमच्या दादांवर राग न्हाई माझा."

मी चहा प्यालो. गोड लागला, हेही सांगतो.

तेवढ्यात शेजारचा एकजण आला. पाण्याची मोटार बंद पडलीय, जरा बघता का, असं विचारायला लागला. अण्णांनी त्याच्यापुढं हात जोडले. "मला न्हाई कळत बाबा त्यातलं. गडहिंग्लजचा माणूस बोलीव."

मी कप खाली ठेवला, त्यांना नमस्कार केला आणि निघालो.

अण्णा अजून तिथंच आहेत. रस्ता मला माहीत आहे.